बॉल मिलच्या पोटातला हिशोब

गोंदियाहून बालाघाटच्या दिशेने गेलं की मध्य प्रदेशात मलाजखंड लागतं. तिथे हिंदुस्तान कॉपरची तांब्याची मोठी खाण आहे. १९८२च्या सुमाराला उघडी खाण म्हणून सुरू झालेलं हे काम आता जमिनीखाली उतरलं आहे. खाणीतून निघणाऱ्या दगडात तांबं असतं एक टक्क्याच्या आसपास, आणि तेही सुटं नसतं. चॅल्कोपायराइट नावाच्या पिवळसर खनिजाच्या कणांत ते अडकलेलं असतं. शुद्ध चॅल्कोपायराइटमध्ये तांबं साधारण ३४.६ टक्के. म्हणजे १०० किलो दगडात कामाचं खनिज जेमतेम ३ किलो, बाकी ९७ किलो गारगोटी आणि ग्रॅनाइट.

ते ३ किलो वेगळं काढायचं तर आधी दगड इतका बारीक करावा लागतो, की चॅल्कोपायराइटचे कण गारगोटीपासून मोकळे व्हावेत. मग फ्लोटेशनच्या टाकीत हवेचे बुडबुडे सोडतात, रसायनांमुळे तांब्याचे कण बुडबुड्यांना चिकटून वर येतात आणि फेसाबरोबर काढून घेता येतात. दगड जाडसर राहिला तर तांबं गारगोटीत अडकून वाया जातं. फार बारीक झाला तर दहा-पाच मायक्रॉनचे कण बुडबुड्यांना नीट भिडत नाहीत, तेव्हाही तांबं वायाच जातं. (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग.) शिवाय गरजेपेक्षा बारीक दळण्यात वीज गेली ती गेलीच. म्हणून ‘जितकं बारीक तितकं चांगलं’ हा नियम इथे चालत नाही. नेमकं किती बारीक, हे ठरवून तिथेच थांबावं लागतं.

हे काम करते बॉल मिल. आडवं ठेवलेलं लोखंडी पिंप, आतून पोलादी किंवा रबरी लायनर, आणि पोटात तीस-चाळीस टक्के जागा व्यापतील इतके पोलादी गोळे. एका तोंडाने दगडाचा चुरा आणि पाणी आत जातं, पिंप सावकाश फिरत राहतं, दुसऱ्या तोंडाने राखाडी चिखल बाहेर पडतो. चुना-सिमेंटच्या कारखान्यांतही हेच यंत्र असतं, फक्त तिथे दळण बहुधा कोरडं असतं. यंत्र दिसायला अडाणी आहे. शंभरेक वर्षांत त्याचं रूप फारसं बदललेलं नाही, आकार मात्र वाढत गेला. आज जगातल्या मोठ्या तांब्याच्या खाणींवर आठ मीटरहून जास्त व्यासाच्या आणि २० मेगावॅटच्या घरातल्या मोटरींवर चालणाऱ्या बॉल मिल आहेत. खनिज वेगळं करणाऱ्या कारखान्याच्या वीजबिलात सगळ्यात मोठा आकडा बहुतेक वेळा दळणाचाच असतो.

आणि या बिलातल्या विजेचा खरोखर दगड फोडण्याकडे जाणारा भाग लाजिरवाणा आहे. नवीन पृष्ठभाग तयार करायला लागणारी ऊर्जा मोजली, तर ती पुरवलेल्या ऊर्जेच्या एखाद्या टक्क्याएवढी, कधी त्याहूनही कमी भरते. उरलेली गोळ्यांच्या आपापसातल्या टकरीत, लायनरवर आपटण्यात, आवाजात आणि मुख्यतः उष्णतेत जाते.

एवढं महागडं यंत्र आणि आत डोकावायची सोय नाही. चालू मिलमध्ये कॅमेरा टिकत नाही, थांबवली तर दळण थांबतं. अनुभवी ऑपरेटर आवाजावरून ओळखतो: माल कमी असेल तर गोळे लायनरवर खणखणतात, माल जास्त झाला की आवाज दबतो. पण गोळ्यांचा आकार बदलला, सायक्लोन (मिलमधून निघालेल्या मालातला जाड आणि बारीक भाग वेगळा करणारं यंत्र) बदलला किंवा दगड कठीण लागायला लागला तर काय होईल, हे आवाज सांगत नाही. त्यासाठी कागदावरची मिल लागते. तिलाच मॉडेल म्हणायचं.

यापुढे एकच मिल धरून चालू: व्यास ४ मीटर, लांबी ६ मीटर, ३० टक्के गोळे. ही कुठल्या विशिष्ट कारखान्यातली नाही, पण आकडे खऱ्या मिलला शोभतील असेच घेतले आहेत. हिच्या पोटात साधारण १०५ टन पोलाद मावतं. ५० मिलिमीटरचा एक गोळा अर्ध्या किलोच्या वर भरतो, म्हणजे गोळे झाले दोन लाखांच्या आसपास.

किती वेगाने फिरवायची?

सगळ्यात सोपं मॉडेल इथलंच. पिंप फार जोरात फिरवलं तर गोळे भिंतीला चिकटून गोल फिरत राहतात, खाली पडतच नाहीत आणि दळण शून्य होतं. कोणत्या वेगाला हे होईल? पिंपाच्या माथ्यावर गोळ्याचं वजन त्याला खाली ओढतं आणि फिरण्याचा जोर त्याला भिंतीवर दाबतो. दोन्ही जिथे बरोबरीला येतात तो ‘क्रिटिकल स्पीड’. बारावीच्या भौतिकशास्त्रातून हे समीकरण निघतं. ४२.३ या आकड्याला, मिलचा व्यास वजा गोळ्याचा व्यास (दोन्ही मीटरमध्ये) याच्या वर्गमूळाने भागायचं. आपल्या मिलमध्ये ८० मिलिमीटरचा गोळा धरला तर उत्तर येतं मिनिटाला २१.४ फेरे. प्रत्यक्षात याच्या ६५ ते ८० टक्के वेगाने मिल चालवतात. ७५ टक्के म्हणजे १६ फेरे. व्यास ८ मीटर केला की क्रिटिकल स्पीडच १५ फेऱ्यांवर येतो, म्हणून मोठ्या मिल बघणाऱ्याला सुस्त वाटतात.

या वेगाला काही गोळे ढिगाच्या उतारावरून घरंगळत येतात आणि मधला माल रगडतात. काही वरून सुटून हवेतून झेपावतात आणि ढिगाच्या पायथ्याशी आदळतात. जाड खड्यांना आदळणं लागतं, बारीक मालाला रगडणं. एकेका गोळ्याचा मार्ग कागदावर आखायचा प्रयत्न ई. डब्ल्यू. डेव्हिस यांनी १९१९मध्येच केला होता. पण दोन लाख गोळे एकमेकांना धडकत असताना एकट्या गोळ्याचा मार्ग कितपत खरा मानायचा, हा प्रश्न उरलाच.

किती वीज लागेल?

दगड बारीक करायला किती ऊर्जा लागते यावर एकोणिसाव्या शतकात दोन परस्परविरोधी मतं होती. ऑस्ट्रियाचे रिटिंगर यांनी १८६७मध्ये मांडलं, की ऊर्जा नव्याने तयार झालेल्या पृष्ठभागाच्या प्रमाणात लागते. किक यांनी १८८५मध्ये सांगितलं, की ऊर्जा फक्त ‘कितीपट बारीक केलं’ यावर ठरते. दोघांचे अनुयायी बरीच वर्षं भांडत राहिले. १९५२मध्ये अमेरिकेतल्या अ‍ॅलिस-चामर्स या यंत्रं बनवणाऱ्या कंपनीतले फ्रेड बाँड यांनी तिसरा नियम मांडला आणि तो मधला निघाला. त्यांनी तो शुद्ध तत्त्वातून काढला असं म्हणणं धाडसाचं होईल. कारखान्यांतल्या आणि प्रयोगशाळेतल्या ढीगभर आकड्यांवर बसेल असा तो नियम होता.

तिघांत फरक किती? १० मिलिमीटरचे खडे ५ मिलिमीटरचे केले, आणि १०० मायक्रॉनचे कण ५० मायक्रॉनचे केले. दोन्ही वेळा आकार निम्मा झाला. किक म्हणतात, दोन्हीला सारखीच ऊर्जा लागेल. रिटिंगर म्हणतात, दुसऱ्या कामाला शंभरपट. बाँड म्हणतात, दहापट. बॉल मिल ज्या पट्ट्यात काम करते, म्हणजे काही मिलिमीटरपासून पन्नास-शंभर मायक्रॉनपर्यंत, तिथे बाँडचं उत्तर खऱ्याच्या जवळ जातं. त्याहून जाड मालाला किक आणि त्याहून बारीक मालाला रिटिंगर जवळचे वाटू लागतात. म्हणजे भांडणात तिघेही आपापल्या पट्ट्यात बरोबर होते.

बाँडचं सूत्र असं:

टनामागे लागणारी युनिटं = १० × वर्क इंडेक्स × (१ ÷ √बाहेरचा आकार − १ ÷ √आतला आकार)

आकार मायक्रॉनमध्ये घालायचा आणि तो असतो ‘८० टक्के माल चाळणीच्या ज्या भोकातून जाईल’ तो. वर्क इंडेक्स म्हणजे दगडाचा हट्टीपणा. तो प्रयोगशाळेत मोजायचा. समजा आपल्या दगडाचा वर्क इंडेक्स १३ आहे, आत येणारा माल १०,००० मायक्रॉन (१० मिलिमीटर) आणि बाहेर हवा १०० मायक्रॉन. मग १० × १३ × (०.१० − ०.०१) = टनाला ११.७ युनिटं. बाँड यांचंच एक वेगळं सूत्र मिल किती शक्ती ओढेल ते सांगतं. त्याप्रमाणे आपली मिल १,३०० किलोवॅटच्या जरा अलीकडे येते. भागाकार केला, की तासाला ११० टन.

आता बाहेरचा माल १०० ऐवजी ५० मायक्रॉन हवा असेल तर? टनाला १७.१ युनिटं, म्हणजे तीच मिल तासाला ७५ टनांवर येते. उलट बाजूने, क्रशर सुधारून आत येणारा माल १० मिलिमीटरवरून ५ वर आणला तर वाचतात टनाला फक्त ०.५४ युनिटं. या दोन आकड्यांतून दळणाची अर्धी रीत कळते. किंमत शेवटच्या टप्प्याची असते. म्हणूनच फ्लोटेशनवाल्यांनी ‘जरा अजून बारीक द्या’ म्हटलं, की मिल चालवणाऱ्यांच्या कपाळावर आठ्या पडतात.

वर्क इंडेक्स मोजायची बाँडची चाचणी आजही जवळजवळ तशीच करतात. साधारण ३० सेंटिमीटर व्यासाची आणि तितक्याच लांबीची छोटी मिल, ठरलेल्या आकारांचे २८५ गोळे, मिनिटाला ७० फेरे. ३.३५ मिलिमीटरच्या चाळणीतून गेलेला ७०० घनसेंटिमीटर माल घालायचा, ठरावीक फेरे फिरवायचं, चाळायचं, बारीक झालेला काढून टाकायचा, तेवढाच ताजा माल घालून पुन्हा फिरवायचं. दर फेऱ्याला किती ग्रॅम नवा बारीक माल तयार होतो तो आकडा स्थिरावेपर्यंत हे चालतं. चांगलं दिवसभराचं काम आहे. नागपूरला इंडियन ब्युरो ऑफ माइन्सचं मुख्यालय आहे आणि शहराला लागून हिंगण्याला त्यांची खनिज प्रक्रियेची प्रयोगशाळा आणि पायलट प्लांट. खनिज घेऊन येणाऱ्याला ‘दगड किती कठीण?’ या प्रश्नाचं उत्तर अशा ठिकाणी मिळतं.

सत्तर वर्षं उलटून गेली तरी नवीन मिल विकत घेताना पहिला आकडा बाँडच्या सूत्रातूनच काढतात. मला यात जुनाटपणा वाटत नाही. एका संख्येत इतकं काम करणारी सूत्रं कमीच असतात. पण तिची मर्यादा त्या ‘८० टक्के’मध्येच आहे. दोन मालांचा ८० टक्क्यांचा आकार १०० मायक्रॉन असू शकतो आणि तरीही एकात अतिबारीक माल जास्त, दुसऱ्यात कमी. फ्लोटेशनला नेमका तोच फरक नडतो. गोळे बदलले तर काय, सायक्लोन बदलला तर काय, हेही बाँडला विचारता येत नाही.

कप्प्यांचा हिशोब

दुसरी वाट १९४०च्या दशकाच्या अखेरीस एपस्टीन यांनी दाखवली. फुटणं ही एकच घटना न मानता ते दोन प्रश्नांत तोडायचं: एखाद्या आकाराचा कण किती झपाट्याने फुटतो, आणि फुटला की त्याचे तुकडे कोणकोणत्या आकाराचे होतात? पहिल्याचं उत्तर म्हणजे सिलेक्शन फंक्शन, दुसऱ्याचं ब्रेकेज फंक्शन. मग ब्रॉडबेंट आणि कॅलकॉट यांनी १९५६मध्ये ते मॅट्रिक्समध्ये बसवलं, आणि पुढे ऑस्टिन, लकी, क्लिंपेल, हर्बस्ट, फ्युर्स्टेनाऊ अशा अनेकांनी बॉल मिलसाठी ते कामाचं केलं. पूर्ण पद्धतीला पॉप्युलेशन बॅलन्स म्हणतात. नाव भारदस्त, आत मात्र साधी जमाखर्चाची वही आहे. माल चाळण्यांप्रमाणे कप्प्यांत विभागायचा. प्रत्येक कप्प्यासाठी लिहायचं: वरच्या कप्प्यांतून फुटून आलेला माल जमा, स्वतः फुटून खाली गेलेला खर्च.

तीनच कप्पे घेऊन करून बघू: जाड, मधला, बारीक. १०० किलो माल, सगळा जाड. समजा जाड मालातला निम्मा दर मिनिटाला फुटतो, आणि फुटला की त्यातला ६० टक्के मधल्यात आणि ४० टक्के थेट बारीकमध्ये जातो. मधल्यातला २० टक्के दर मिनिटाला फुटतो आणि सगळा बारीक होतो.

पहिल्या मिनिटाअखेर: जाड ५०, मधला ३०, बारीक २०.
दुसऱ्या: जाड २५, मधला ३९, बारीक ३६.
तिसऱ्या: जाड १२.५, मधला ३८.७, बारीक ४८.८.
पाचव्या: जाड ३.१, मधला २९.६, बारीक ६७.२.

मधल्या कप्प्याकडे बघा. आधी भरतो, मग रिकामा होऊ लागतो. मिल कधी थांबवायची हा प्रश्न बऱ्याचदा या फुगवट्याचाच असतो, कारण फ्लोटेशनला हवा असलेला माल म्हणजे मधला कप्पा. अजून बारीक झाला तर वाया.

बारीकची रांग जरा नीट बघितली तर एक गंमत दिसेल. २०, ३६, ४८.८ हे आकडे एका सरळ नियमाने चालले आहेत: दर मिनिटाला, जे अजून बारीक झालेलं नाही त्याचा बरोबर पाचवा भाग बारीक होतो. मग ते जाड असो की मधलं. मी आकडे मुद्दाम तसे निवडले. जाड माल भराभर फुटतो पण एका फुटण्यात बारीक कमी देतो (५० टक्क्यांचे ४० टक्के, म्हणजे २०). मधला हळू फुटतो पण फुटला की सगळाच बारीक होतो (तोही २०). दोन्ही गोष्टी एकमेकींना तोलतात. खऱ्या मिलमध्ये तोल इतका चोख नसतो, पण बऱ्याच खनिजांच्या मोजणीत त्याच्या जवळपास जाणारं वागणं दिसतं, आणि म्हणूनच तीस-चाळीस आकडे लागणारा हा हिशोब थोडक्या आकड्यांतही उरकता येतो. आयआयटी कानपूरचे पी. सी. कपूर यांनी १९७०च्या सुमाराला असंच एक सुटसुटीत रूप दाखवलं: प्रत्येक चाळणीवर उरलेला माल वेळेबरोबर कसा घटतो, ते दर चाळणीला दोन स्थिरांकांत सांगता येतं. पुढे ते पुण्याच्या टाटा रिसर्च डेव्हलपमेंट अँड डिझाइन सेंटरमध्येही खनिज दळणावर काम करत होते.

खऱ्या हिशोबात कप्पे पंधरा-वीस असतात, एकेका चाळणीचं भोक आधीच्या भोकाला २च्या वर्गमूळाने भागून येतं, आणि मिनिटामिनिटाच्या ऐवजी क्षणाक्षणाचं समीकरण असतं. कल्पना हीच.

फुटण्याचा वेग आकाराबरोबर कसा बदलतो? वाटेल, की मोठा दगड कठीण, छोटा सोपा. उलट आहे. मोठ्या कणात भेगा आणि दोष जास्त असतात, शिवाय तो गोळ्यांच्या कचाट्यात सहज सापडतो, म्हणून तो लवकर फुटतो. कण बारीक होत जातो तसा वेग घटतो. पण ही चढण वरपर्यंत जात नाही. एका आकारानंतर दगड गोळ्यापुढे इतका मोठा होतो, की गोळ्याच्या आघाताला तो दाद देत नाही. तिथून वेग पुन्हा उतरतो. आलेख काढला तर मध्ये उंचवटा दिसतो.

गोळ्यांचा आकार निवडणं म्हणजे हा उंचवटा डावीउजवीकडे सरकवणं. १०० मिलिमीटरच्या एका गोळ्याच्या पोलादात २५ मिलिमीटरचे ६४ गोळे होतात आणि त्यांचा एकूण पृष्ठभाग चौपट असतो. टकरी खूप वाढतात, बारीक मालाचं दळण सुधारतं. पण १० मिलिमीटरचा खडा आत आला तर छोटे गोळे त्याच्यावर नुसते वाजत राहतात. तो न फुटता बाहेर येतो, परत आत जातो आणि हळूहळू असे खडे साठत जातात. म्हणून गोळ्यांचं मिश्रण ठेवतात. गोळे सतत झिजत असतात, वरून नवे मोठे टाकले की झिजत झिजत सगळे आकार आपोआप तयार राहतात.

आत किती वेळ, आणि किती वेळा

वरचा हिशोब बंद भांड्यातला होता. खरी मिल वाहती असते आणि आत गेलेला प्रत्येक कण सारखा वेळ आत राहत नाही. लग्नातली पंगत आणि बुफे आठवा. पंगतीत सगळे एकदम बसतात, एकदम उठतात. बुफेत कुणी दोन घास खाऊन निघतो, कुणी तासभर घोटाळतो. सरासरी वेळ सारखा असला तरी उपाशी गेलेले बुफेत जास्त सापडतात. आकड्यात: जाड मालाचा फुटण्याचा दर मिनिटाला ०.५ आणि सरासरी मुक्काम ५ मिनिटं धरला, तर पंगतीसारख्या वाहत्या मिलमधून सुमारे ८ टक्के माल न फुटता बाहेर पडेल, बुफेसारख्या पूर्ण ढवळलेल्या मिलमधून २९ टक्के. खरी बॉल मिल या दोहोंच्या मध्ये असते. ऑस्टिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती एक मोठी आणि दोन छोट्या ढवळलेल्या टाक्या एकामागे एक ठेवल्यासारखी धरली. प्रत्यक्ष मुक्काम मोजायला मिलच्या तोंडाशी मीठ किंवा किंचित किरणोत्सारी द्रव्य सोडतात आणि दुसऱ्या तोंडाशी ते कधी, किती येतं ते मोजतात.

कुणीतरी अर्धवट बाहेर येणारच, म्हणून मिल एकटी नसते. तिच्यापुढे हायड्रोसायक्लोन असतो. चिखल त्यात गरगर फिरतो, जाड भाग खालून परत मिलकडे, बारीक वरून पुढच्या टाकीकडे. परत येणाऱ्या मालाला सर्क्युलेटिंग लोड म्हणतात. २५० टक्के हा नेहमीचा आकडा, आणि बाँडची चाचणीही याच आकड्यावर बेतलेली आहे. आपल्या मिलला तासाला ११० टन ताजा माल मिळत असेल तर २७५ टन परत आलेला असतो. म्हणजे मिलमधून तासाला ३८५ टन जातात. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला ही उधळपट्टी वाटते. प्रत्यक्षात तो माल गरजेपेक्षा बारीक होणं टाळण्याचा उपाय आहे. माल घाईघाईने मिलमधून जातो, बारीक झालेला लगेच बाहेर निघतो, आणि गोळ्यांच्या वाट्याला जाड माल जास्त येतो. सायक्लोन मात्र आकाराबरोबर वजनालाही भुलतो. चॅल्कोपायराइट गारगोटीपेक्षा जड, म्हणून त्याचे पुरेसे बारीक झालेले कणही ‘जाड’ समजून परत पाठवले जातात आणि विनाकारण आणखी दळले जातात. दळणाचं मॉडेल कितीही चांगलं असलं तरी सायक्लोनचं मॉडेल जोडल्याशिवाय ते अर्धंच.

छोट्या मिलमधले आकडे मोठ्या मिलला कसे लावायचे? इथे हर्बस्ट आणि फ्युर्स्टेनाऊ यांची युक्ती मला फार आवडते. त्यांनी घड्याळच बदललं. फुटण्याचा वेग मिनिटामागे न लिहिता, टनामागे खर्च झालेल्या युनिटामागे लिहिला. हातातल्या छोट्या मिलमध्ये आणि चार मीटरच्या मिलमध्ये मिनिटाचा अर्थ वेगळा असतो, पण एका टनात गेलेल्या एका युनिटाचा अर्थ बराचसा सारखा निघतो. तुकड्यांच्या आकाराची वाटणी तर जवळजवळ तशीच राहते. निदान तेच खनिज, तशाच गोळ्यांनी दळत असताना.

दुखरी जागा अशी, की कारखान्यातून घेतलेल्या आत-बाहेरच्या नमुन्यांवरून सिलेक्शन आणि ब्रेकेज दोन्ही एकदम काढायला गेलं तर एकापेक्षा जास्त उत्तरं सापडतात. वेग थोडा वाढवला आणि तुकडे थोडे जाड धरले, तरी आलेख तितकाच छान बसतो. आलेख बसला म्हणून मॉडेल बरोबर, असं मानणारे अहवाल भरपूर सापडतात. पण त्याच मॉडेलला नव्या परिस्थितीबद्दल विचारलं की सिलेक्शन-ब्रेकेजच्या अशा दोन जोड्या दोन वेगळी उत्तरं देतात. त्यावर उपाय म्हणजे एकाच चाळणीचा माल घेऊन प्रयोगशाळेत अगदी थोडा वेळ दळणं. तुकडे पुन्हा फुटायच्या आत चाळलं, की ब्रेकेज वेगळं मोजता येतं. ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेनच्या जेकेएमआरसी संस्थेत व्हिटन यांनी वेगळी वाट काढली. चालू मिलच्या पोटात किती माल आहे हे नीट मोजताच येत नाही, तर ते मोजायचा हट्ट सोडा. त्यांनी फुटण्याचा वेग आणि बाहेर पडण्याचा वेग यांचं फक्त गुणोत्तर वापरलं, कारण कारखान्याच्या नमुन्यांतून तेवढंच खात्रीने निघतं. जेकेसिममेट हे जगभर वापरलं जाणारं सॉफ्टवेअर या विचारावर उभं आहे.

गोळे मोजणारा संगणक

डेव्हिस यांना १९१९मध्ये जे करता आलं नाही, ते संगणकाने शक्य केलं. मातीच्या कणांसाठी कंडल आणि स्ट्रॅक यांनी १९७९मध्ये एक पद्धत मांडली होती, डिस्क्रीट एलिमेंट मेथड. प्रत्येक गोळा वेगळा धरायचा, दोन गोळे भिडले की त्यांच्यामध्ये स्प्रिंग आणि धक्का जिरवणारा भाग आहे असं मानायचं, बल काढायचं, गोळा किंचित पुढे सरकवायचा, आणि सेकंदाच्या अगदी छोट्या अंशानंतर हे सगळं पुन्हा करायचं. अमेरिकेतल्या युटा विद्यापीठात बरदा कांत मिश्रा आणि राज राजामणी यांनी ती पद्धत बॉल मिलला लावली. त्यांचा शोधनिबंध १९९२चा. मिश्रा पुढे आयआयटी कानपूरला प्राध्यापक, भुवनेश्वरच्या खनिज संस्थेचे संचालक आणि मग आयआयटी गोव्याचे पहिले संचालक झाले.

यातून पहिल्यांदा पिंपाच्या पोटातलं चित्र दिसलं. गोळ्यांच्या बहुसंख्य टकरी अगदी हलक्या असतात, दगड फोडण्याच्या कामाच्या नाहीत. लायनरवरचे उंचवटे चुकीचे असतील तर गोळे ढिगाच्या पायथ्याशी पडायच्या ऐवजी पलीकडच्या लायनरवर आपटतात. लायनर फुटतं, गोळे फुटतात, दळण होत नाही. लायनरचा आकार संगणकावर तपासून मग ओतायला देणं आता नेहमीचं झालं आहे, आणि मिल किती शक्ती ओढेल हेही या पद्धतीने चांगलं सांगता येतं.

दगड मात्र या चित्रात नाहीच. दोन लाख गोळे संगणकाला पेलतात. पण १०० मायक्रॉनच्या कणांचा एक टन माल घेतला तर कण होतात सत्तर हजार कोटींच्या वर, आणि त्यातला प्रत्येक कण फुटून नवे कण तयार होतात. म्हणून सध्या कामाची विभागणी होते. संगणक टकरींची यादी देतो: इतक्या टकरी इतक्या जोराच्या. प्रयोगशाळेत एकेका खड्यावर वजन टाकून मोजतात, की इतक्या जोराला हा दगड फुटण्याची शक्यता किती आणि तुकडे कसे होतात. मग दोन्ही मिळून पॉप्युलेशन बॅलन्सच्या वहीत जातात.

पाणी अजून नीट बसलेलं नाही. चिखलात वजनाने सत्तर टक्क्यांच्या आसपास दगड असतो. तो घट्ट झाला की गोळ्यांवर साय धरतो, टक्कर मऊ होते. पातळ झाला की माल गोळ्यांवरून निसटतो आणि पोलाद पोलादावर आपटतं. दोन्हींच्या मध्ये एक चांगला टप्पा असतो, पण तो दगडातल्या चिकणमातीवर, बारीक मालाच्या प्रमाणावर आणि तापमानावरही सरकतो. आजची बहुतेक मॉडेलं हे वेगळं मोजत नाहीत. पाण्याचा परिणाम त्यांनी फुटण्याच्या वेगाच्या आकड्यांतच मुरवलेला असतो. त्यामुळे दगडात चिकणमाती वाढली किंवा पाण्याचा नळ फिरवला, की मिलचे नमुने पुन्हा घेऊन ते आकडे नव्याने काढावे लागतात.